लिनक्स टाकताना डिस्क ड्राइव्ह अडून बसतो तेव्हा

सावंतवाडीहून मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "अरे, सीडीवरनंच चालू झालो, आणि आता म्हणता सीडी गावणा नाय!" त्यांचा जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण, म्हणजे तयार संच) टाकायचं ठरलेलं, आणि मी पुण्याहून पाठवलेली सीडी. मेनू आला, भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, आणि मग इन्स्टॉलरने सांगितलं की सीडी सापडत नाही. मामा चिडले हे रास्तच होतं. ज्या सीडीवरून हा गडी उठून बसला, तीच त्याला दिसेना म्हणजे काय?

या प्रश्नाचं उत्तर कळलं की निम्मी दुरुस्ती तिथेच होते. संगणक चालू झाल्यावर डिस्क वाचतो तो बायोस. 'एल टोरिटो' नावाचा १९९५ सालचा एक संकेत आहे, त्यानुसार डिस्कवरचा सुरुवातीचा छोटासा भाग तो मेमरीत आणून ठेवतो. त्या भागाने बायोसकरवीच लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आत आणला की बायोसचं काम संपतं. मग कर्नल जागा होतो आणि ड्राइव्ह नव्याने, स्वतःच्या ड्रायव्हरने शोधायला लागतो. रिक्षावाला सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडतो; आत कुठली इमारत, कुठला जिना, हे आपलं आपण शोधायचं. बायोस जमेल तसं, हळूहळू वाचतो. कर्नल वेगात वाचायला जातो. त्यामुळे बायोसला दिसलेली डिस्क कर्नलला न दिसणं यात जादू काही नाही.

आधीच एक सांगतो. तुमचा संगणक पेनड्राइव्हवरून सुरू होत असेल तर डिस्कच्या भानगडीत पडूच नका. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांचं यंत्र यूएसबीला दाद देत नाही, किंवा ज्यांच्याकडे हाताशी फक्त डिस्क आहे. पेनड्राइव्ह वापरूनही 'सीडी-रॉम सापडत नाही' असं दिसणाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. ते पुढे घेतलंय.

कमांड मी मामांना फोनवर सांगत होतो तशाच इथे लिहितो. घोटाळा होईल तिथे सुटी इंग्रजी अक्षरं दिली आहेत. 'जागा' म्हणजे स्पेसबार. सगळं लहान लिपीत टाइप करायचं.

अडलं कुठे, ते आधी बघा

लोक घाईत डिस्क बदलतात, ड्राइव्ह बदलतात, शेवटी लिनक्सलाच शिव्या देतात. त्याआधी गाडी कुठल्या स्टेशनवर थांबली ते कागदावर लिहून ठेवा. डिस्क घातली तरी जुनं विंडोजच उघडतं का? लिनक्सचा मेनू येतो पण पुढे ड्राइव्ह सापडत नाही? फाइली कॉपी होताना अर्ध्यात थांबतं? की सगळं नीट बसलं आणि नंतर सॉफ्टवेअर टाकताना पुन्हा डिस्क मागतंय? चारही वेळा लोक म्हणतात 'ड्राइव्हचा प्रॉब्लेम आहे', पण चारही आजार निराळे आहेत. पडद्यावरचा संदेश मोबाइलने टिपून ठेवा. शब्दशः संदेश हातात असला की अर्धा तास वाचतो.

डेबियनचा ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीतही चालतो, आणि एरवी मी तोच वापरा म्हणेन. पण अडचण आली की इंग्रजीत सुरू करा. चूक सांगणारा संदेश इंग्रजीत असेल तरच त्यावर शोध घेता येतो.

फाइल आणि डिस्क: ड्राइव्हवर संशय घेण्याआधी

माझ्या अनुभवात दोष सगळ्यात जास्त वेळा इथेच निघतो. उतरवलेली आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) अर्धवट असते, किंवा डिस्क नीट लिहिली गेलेली नसते.

फाइल तपासायला प्रत्येक वितरण आपल्या फाइलींसोबत 'एसएचए२५६' बेरजांची (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशांची) यादी देतं. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एस-एच-ए-२-५-६-एस-यू-एम, जागा, फाइलचं नाव. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये सी-ई-आर-टी-यू-टी-आय-एल, जागा, डॅश लावून हॅशफाइल, जागा, फाइलचं नाव, जागा, एसएचए२५६. समोर येणारी ६४ अक्षरांची ओळ यादीतल्या ओळीशी जुळली पाहिजे. नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं पाहून सोडू नका, पूर्ण ओळ जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा, पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग आकार. सीडीत साधारण ७०० एमबी मावतात, एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी. हे ४.७ छापील जीबी आहेत. विंडोज ज्या हिशेबाने मोजतं त्यात ते ४.३८ च्या आसपास दिसतात. उबंटू २४.०४ ची डेस्कटॉप फाइल ५ जीबीच्या वर आहे, ती साध्या डीव्हीडीत बसतच नाही. लिनक्स मिंट २२ तीन जीबीच्या आत आहे, ती बसते. डेबियनची 'नेटइन्स्ट' फाइल (बाकीचं नेटवरून आणणारी) या सगळ्यांत लहान. डेबियन १२ पर्यंत ती बहुधा सीडीवर मावायची. तुमची यंत्रणा जुनी, ३२ बिटची असेल तर डेबियन १२ शीच थांबा, कारण २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटच्या पीसीसाठीचा इन्स्टॉलर देणं बंद केलंय.

लिहिताना होणारी चूक अजूनही तीच: आयएसओ फाइल उचलून डिस्कच्या फोल्डरात टाकायची आणि 'बर्न' दाबायचं. अशी डिस्क उघडलीत तर आत एकच फाइल दिसते. बरोबर लिहिलेल्या डिस्कवर अनेक फोल्डर दिसतात. विंडोज ७ पासून पुढे आयएसओवर उजवी टिचकी दिली की 'बर्न डिस्क इमेज' मिळतं, त्यातच 'व्हेरिफाय डिस्क आफ्टर बर्निंग'ची चौकट आहे, ती भरा. लिनक्सवर ब्रासेरो, के३बी किंवा एक्सएफबर्न.

वेगाबद्दल जुना सल्ला असा की सगळ्यात कमी वेगावर लिहा. मला तो अर्धाच पटतो. आताच्या डिस्का फार कमी वेगासाठी बनवलेल्याच नसतात, आणि बरेच ड्राइव्ह तो वेग देतही नाहीत. डीव्हीडीसाठी ४ एक्स, सीडीसाठी ८ ते १६ एक्स, हा मधला मार्ग बरा. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १.३८५ एमबी, म्हणजे पूर्ण भरलेली डिस्क ४ एक्सवर चौदा-पंधरा मिनिटांत होते. चहा करून येईपर्यंतचं काम, त्यात घाई कशाला?

पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्का या कामाला टाळा. त्यांचा पृष्ठभाग प्रकाश खूपच कमी परत फेकतो, आणि म्हाताऱ्या लेन्सला ते झेपत नाही. कपाटात दहा वर्षं पडलेल्या कोऱ्या डिस्काही नकोत. आणि ज्या ड्राइव्हवर लिहिली त्यावर ती वाचली जाते याचा फारसा अर्थ नसतो. जिथे लिनक्स टाकायचंय त्या यंत्राने ती वाचली पाहिजे.

त्या यंत्रावर एखादं लिनक्स चालत असेल तर डिस्क बाइट न् बाइट तपासता येते. फाइलच्या आकाराला २०४८ ने भागा, कारण डिस्कवरचा एक ठोकळा २०४८ बाइटचा असतो. उदाहरणार्थ फाइल ६८,१५,७४,४०० बाइटची असेल तर ठोकळे झाले ३,३२,८००. मग डी-डी, जागा, आय-एफ = /डी-ई-व्ही/एस-आर-०, जागा, बी-एस = २०४८, जागा, सी-ओ-यू-एन-टी = ३३२८००, जागा, उभी रेघ, जागा, आणि वरची बेरजेची कमांड. हे बरोबरचं चिन्ह, तिरप्या रेघा सगळं चिकटून, मध्ये जागा नाही. ठोकळ्यांची संख्या देणं महत्त्वाचं आहे. न देता पूर्ण डिस्क वाचायला गेलात तर काही पद्धतींनी लिहिलेल्या सीडीच्या अगदी शेवटी वाचनदोष येतो आणि चांगली डिस्क वाईट ठरते. या सापळ्यात मी स्वतः दोनदा अडकलोय.

एवढं करायचं नसेल तर डेबियन आणि मिंटच्या मेनूत डिस्कची सचोटी तपासण्याचा पर्याय असतो, तो चालवा. उबंटू २०.०४ पासून ही तपासणी सुरू होतानाच आपोआप करतं.

डिस्क सुरूच होत नाही

चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. बहुतेक यंत्रांत ती एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते, पहिल्या पडद्यावर तळाशी लिहिलेली दिसते. यादीत ड्राइव्हचं नावच नसेल तर प्रश्न लिनक्सचा नाही. डबा उघडून वायरी बघा. जुना आयडीई (रुंद पट्टी-वायरचा) ड्राइव्ह असेल तर मागचा छोटा जंपर पाहा: एकाच पट्टी-वायरवर हार्ड डिस्क आणि ड्राइव्ह दोघंही 'मास्टर' असतील तर एकजण गप्प बसतो.

काही यंत्रांत तोच ड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' (बायोसचा नवा अवतार) लावून. विंडोज ज्या पद्धतीने टाकलेलं आहे त्याच पद्धतीची ओळ निवडा, नाहीतर पुढे दोन्ही एकमेकांना ओळखणार नाहीत.

यादीत ड्राइव्ह आहे, डिस्क फिरते, पण पकडत नाही? तर एखादी जुनी गाण्यांची सीडी घालून बघा. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. दोन्ही वेगळे असल्याने एक मरून दुसरा जिवंत राहू शकतो. भजनांची सीडी व्यवस्थित वाजते आणि डीव्हीडीवर ड्राइव्ह नुसता कुरकुरतो, असं असेल तर नवा ड्राइव्ह विकत घेण्याआधी सीडीवर मावेल अशी छोटी फाइल वापरा. काम भागतं.

मेनू येतो, पुढे ड्राइव्ह सापडत नाही

आता मामांची गोष्ट. इथे खरी मजा आहे, त्यामुळे सावकाश जाऊ.

पहिलं म्हणजे रिसेट दाबू नका. ट्रे उघडा, डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा (गोल गोल नव्हे), परत घाला, दिवा विझेपर्यंत थांबा आणि पुन्हा शोधायला सांगा. जुना ड्राइव्ह डिस्क ओळखायला अर्धा मिनिट घेतो, तोवर इन्स्टॉलरचा धीर सुटलेला असतो. मामांकडे हे करून झालं, उपयोग झाला नाही.

मग ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर कंट्रोलही सोबत. काळा पडदा येईल, एंटर दाबलं की कमांड देता येतात. घाबरू नका, मागे इन्स्टॉलर तसाच उभा आहे. ऑल्ट-एफ१ ने, ग्राफिकलमध्ये ऑल्ट-एफ५ ने परत जाता येतं. ऑल्ट-एफ४ वर नोंदी धावताना दिसतात.

काळ्या पडद्यावर एल-एस, जागा, /डी-ई-व्ही/एस-आर-०. हे लिनक्समधलं पहिल्या ड्राइव्हचं नाव. उत्तर दोनांपैकी एक येईल.

एक, 'असं काही नाही' असं म्हणेल. म्हणजे कर्नलला ड्राइव्ह मुळातच दिसलेला नाही. मग बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन साटाचा (बारीक वायरच्या नव्या जोडणीचा) मोड बघा: आयडीई, एएचसीआय आणि रेड असे पर्याय असतात. रेडवर असेल तर एएचसीआय करून पाहा. मात्र त्याच यंत्रात विंडोज ठेवायचं असेल तर आधीचा मोड लिहून ठेवा. मोड बदलल्यावर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. मोड पूर्ववत केला की बहुधा ताळ्यावर येतं.

२००६ नंतरच्या काही वर्षांतल्या मदरबोर्डांचं आणखी एक दुखणं आहे. इंटेलने आयसीएच८ या चिपपासून डेस्कटॉपमधला आयडीईचा आधार काढून टाकला. पण लोकांकडे आयडीई ड्राइव्ह होते, म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी जेमायक्रॉन किंवा मार्व्हेलची वेगळी चिप बसवून तो सॉकेट चालू ठेवला. तुमचा ड्राइव्ह त्या रुंद पट्टी-वायरवर असेल तर बायोसमध्ये 'ऑनबोर्ड आयडीई कंट्रोलर' किंवा चिपच्या नावाची ओळ शोधा. ती बंद असेल तर चालू करा, चालू असेल तर तिचा मोड बदलून बघा. याहून सोपा उपाय म्हणजे साटाचा जुना डीव्हीडी ड्राइव्ह मिळवून थेट साटावर लावणं. भंगारात गेलेल्या एखाद्या पीसीतून तो सहज निघतो.

दोन, नाव दिसेल. म्हणजे ड्राइव्ह दिसतोय, वाचता येत नाहीये. आता हाताने जोडून बघा: एम-ओ-यू-एन-टी, जागा, डॅश टी, जागा, आय-एस-ओ-९-६-६-०, जागा, /डी-ई-व्ही/एस-आर-०, जागा, /सी-डी-आर-ओ-एम. काही न बोलता पुढची ओळ आली तर जोडलं गेलं. 'नो मीडियम फाउंड' आलं तर लेन्सला डिस्क दिसत नाहीये. वाचनाची तक्रार आली तर नोंदी बघायला हव्यात: डी-एम-ई-एस-जी, जागा, उभी रेघ, जागा, टी-ए-आय-एल.

या नोंदींत दोन तऱ्हा दिसतात, आणि त्यांतला फरक कळणं हेच या लेखाचं मर्म आहे. 'मीडियम एरर', 'अनरिकव्हर्ड रीड एरर' असे शब्द असतील तर डिस्क खराब, ओरखडलेली, किंवा लेन्स धुळकट. पण 'एटीए' आणि आकडा, पुढे 'एक्सेप्शन', 'फ्रोझन', 'सॉफ्ट रिसेटिंग लिंक' असे शब्द पुन्हा पुन्हा येत असतील, तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. बिघाड ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या बोलण्यात आहे.

मामांनी चष्मा सावरत एकेक अक्षर वाचून दाखवलं. "फ... आर... ओ... झेड..." फ्रोझन! त्यांच्या ड्राइव्हची पट्टी-वायर बरीच वर्षं दुमडून कोंबलेली होती. बायोस मंद वेगाने वाचायचा तेव्हा ती तग धरायची. कर्नलने डीएमए पद्धतीने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत) वेगात माल ओढायला घेतला की ती दगा द्यायची.

यावर उपाय वेग उतरवण्याचा. पुन्हा सुरू करा, मेनूत इन्स्टॉलच्या ओळीवर उभे राहून टॅब दाबा. यूईएफआयमधून सुरू केलं असेल तर ई. खाली मोठी ओळ उघडते. तिच्यात तीन डॅश दिसतील. त्यांच्या आधी, जागा सोडून, एल-आय-बी-ए-टी-ए, टिंब, डी-एम-ए, बरोबर, १ असं लिहा आणि एंटर दाबा. ईने उघडलं असेल तर कंट्रोल-एक्स. याचा अर्थ: डीएमए फक्त हार्ड डिस्कला, सीडी-डीव्हीडीला नको. शून्य लिहू नका, मग हार्ड डिस्कही रांगायला लागते. तीन डॅशच्या आधी लिहिलेलं इन्स्टॉलरपुरतं राहतं, नंतर लिहिलेलं बसवलेल्या लिनक्सलाही लागू होतं, म्हणून कुठे लिहिता ते महत्त्वाचं. वेग कमी होईल ही भीती नको. २४ एक्सची सीडीसुद्धा सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपासच देते, आणि डीएमएविना तेवढं सहज जमतं.

मामांची सीडी त्यानंतर एका दमात वाचली गेली. वायर नंतर बदलली, पन्नास रुपयांची.

नाव दिसतंय, हाताने जोडताही आलं, पण इन्स्टॉलर अजून नाही म्हणतोय, असंही होतं. तेव्हा इन्स्टॉलरमध्ये परत या. तो बाहेरून ड्रायव्हर आणायचे का विचारेल, नाही म्हणा. मग मॉड्यूल आणि उपकरण हाताने निवडायचं का विचारेल, हो म्हणा. मॉड्यूलमध्ये 'नन' आणि उपकरणात /डी-ई-व्ही/एस-आर-० द्या.

लॅपटॉपमध्ये ट्रे उघडला की लेन्स समोरच दिसते. कोकणातल्या पावसाळ्यातून गेलेल्या यंत्रांत तिच्यावर धुरकट थर बसलेला मी पाहिलाय. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून अगदी हलक्या हाताने पुसा. ती लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, दाबाल तर कायमची जाईल. अत्तर, रंग घातलेलं स्पिरिट किंवा शर्टाचं टोक चालणार नाही.

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर आधी विजेचा विचार करा. यूएसबी २ चा एक सॉकेट ५०० मिलीअँपिअर देतो, आणि डिस्क गरगर फिरायला लागतानाची भूक त्याहून जास्त असू शकते. ड्राइव्ह टिकटिक करून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर दोन तोंडांची वायर वापरा, दोन्ही तोंडं मागच्या सॉकेटांत लावा.

पेनड्राइव्हवरून टाकतोय, तरी सीडी मागतोय

डेबियनच्या इन्स्टॉलरला स्वतःची शिदोरी '/सी-डी-आर-ओ-एम' या फोल्डरात लागते, मग ती सीडी असो की पेनड्राइव्ह. नाव तेवढं जुनं राहिलंय. पेनड्राइव्ह यूनेटबूटिनसारख्या साधनाने बनवला असेल तर फाइली विस्कटून निराळ्या मांडणीत जातात आणि इन्स्टॉलरला त्या सापडत नाहीत. पेनड्राइव्ह बनवणारं रूफस वापरत असाल तर तो आयएसओ की डीडी विचारेल तेव्हा डीडी निवडा. लिनक्सवर तर सी-पी कमांडने आयएसओ फाइल थेट पेनड्राइव्हच्या उपकरणावर कॉपी केली तरी पुरते. फक्त त्याआधी एल-एस-बी-एल-के देऊन आकारावरून पेनड्राइव्ह कुठला ते दोनदा खात्री करून घ्या. चुकून हार्ड डिस्कचं नाव दिलंत तर लग्नाच्या फोटोंपासून सगळं गेलं समजा.

बरोबर बनवूनही मागत असेल तर त्या पडद्यावर असतानाच पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या सॉकेटात लावा, शक्यतो यूएसबी २ च्या, आणि पुन्हा शोधायला सांगा. ऐकायला अंगारा-धुपाऱ्यासारखं वाटतं, पण चालतं, कारण नव्याने लावल्यावर कर्नल त्याला नव्याने ओळखतो.

अर्ध्यात मोडतं

फाइली कॉपी होताना 'एरर ५, इनपुट-आउटपुट एरर' आला की उबंटूचा जुना इन्स्टॉलर एक लांबलचक सल्ला द्यायचा: डिस्क पुसा, कमी वेगावर लिहा, लेन्स साफ करा, हार्ड डिस्क जुनी आहे का बघा, आणि संगणक थंड जागी न्या. शेवटच्या सल्ल्यावर मी पुष्कळ हसलोय. पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या यंत्रावर पंखा लावल्यावर काम पुरं झालेलंही पाहिलंय.

इथेही निकाल नोंदींतूनच लागतो. डी-एम-ई-एस-जीच्या ओळीत नाव कुणाचं आहे? एसआर-० असेल तर डिस्क ड्राइव्ह. एसडीए असेल तर तक्रार हार्ड डिस्कबद्दल आहे, आणि तुम्ही उगाच डीव्हीडी पुसत बसलात. अशा हार्ड डिस्कवर लिनक्स टाकू नका, आधी त्यातला माल बाहेर काढा.

एसआर-० असेल तर सेक्टरचा आकडा लिहून ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. दर वेळी त्याच आकड्यावर अडतं का? तर डिस्कवर तिथेच डाग किंवा ओरखडा आहे, नवी लिहा. दर वेळी वेगळ्याच जागी अडतं? तर लेन्स, वायर, उष्णता, आणि एक अनपेक्षित संशयित म्हणजे रॅम. मेमरी सदोष असेल तर नीट वाचलेला मालही आत आल्यावर बिघडतो, आणि दोष डिस्कच्या माथी बसतो. मेमरी तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर लावून ठेवा.

यंत्रात भरपूर रॅम असेल तर उबंटू, मिंट किंवा डेबियन लाइव्हला सुरू होतानाच्या ओळीत टी-ओ-आर-ए-एम हा शब्द जोडा. मग पूर्ण डिस्क आधी मेमरीत येते आणि पुढचं काम तिथून चालतं. तीन जीबीच्या मिंटसाठी निदान सहा जीबी रॅम हवी असं मी धरतो. मरतुकडा ड्राइव्ह एकदाच सलग वाचायला जास्त राजी असतो. इकडून तिकडे उड्या मारायला लावलं की तो धापा टाकतो.

ड्राइव्ह गेलाच असेल तर

बायोसला यूएसबीवरून सुरू करता येत नसेल पण सीडी अजून थोडीफार वाचली जात असेल, तर प्लॉप बूट मॅनेजर ही चिमुकली फाइल सीडीवर लिहा. ती सुरू होऊन पुढचा कारभार पेनड्राइव्हकडे सोपवते. डेबियनची 'मिनी' आयएसओही अशीच लहान आहे आणि बाकी सगळं नेटवरून आणते, फक्त वायरचं इंटरनेट हवं.

मला सगळ्यात आवडणारा मार्ग मात्र वेगळाच: हार्ड डिस्क काढा, चांगल्या ड्राइव्हच्या दुसऱ्या संगणकाला लावा (त्याची स्वतःची डिस्क आधी सोडवून ठेवा), तिथे डेबियन टाका, आणि परत जुन्या घरी आणा. ड्रायव्हर कर्नलसोबतच येत असल्याने लिनक्सला हे स्थलांतर मानवतं. दोन्ही यंत्रं एकाच पद्धतीने, म्हणजे जुन्या बायोसने किंवा दोन्ही यूईएफआयने, सुरू होणारी असावीत. आणि जुनं यंत्र ३२ बिटचं असेल तर टाकायची आवृत्तीही ३२ बिटची.

काम झाल्यावरही डिस्क मागतो

चार दिवसांनी मामांचा पुन्हा फोन. व्हीएलसी टाकायला गेले तर 'अमुक नावाची डिस्क घाला' म्हणतो, आणि सीडी तर त्यांनी टीव्हीवरच्या अँटेनाला कावळे हाकलायला बांधलेली. यात ड्राइव्हचा काही दोष नाही. डिस्कवरून टाकलेल्या डेबियनमध्ये सॉफ्टवेअर कुठून आणायचं त्या यादीत डिस्कचीही एक ओळ राहून जाते.

टर्मिनलमध्ये एस-यू, जागा, डॅश देऊन रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड द्या. मग एन-ए-एन-ओ, जागा, /ई-टी-सी/ए-पी-टी/एस-ओ-यू-आर-सी-ई-एस, टिंब, एल-आय-एस-टी. फाइल उघडेल. 'डेब' आणि मग 'सीडीरॉम' ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या अगदी सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, कंट्रोल-ओ आणि एंटर दाबून साठवा, कंट्रोल-एक्सने बाहेर या. त्याखाली इंटरनेटच्या पत्त्याची निदान एक ओळ हॅशविना आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या. शेवटी ए-पी-टी, जागा, अपडेट. आता डिस्क मागणार नाही, ती अँटेनावर राहिली तरी चालेल.